व्यायाम, श्रम आणि उष्मांक : वऱ्हाडच्या संदर्भात मानवी ऊर्जाव्ययाच्या मर्यादेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

व्यायामाने माणूस प्रत्यक्षात किती उष्मांक खर्च करू शकतो, हा प्रश्न आज वजन कमी करण्याच्या संदर्भात विचारला जातो. इतिहासात मात्र तो प्रथम कैदी, मजूर आणि दुष्काळग्रस्त यांच्या संदर्भात उपस्थित झाला. प्रस्तुत शोधनिबंधात उष्मांक या कल्पनेचा उगम, एकोणिसाव्या शतकातील दुष्काळी कामांवरील धान्यवेतन, वऱ्हाडातील व्यायामचळवळ आणि दारिद्र्यरेषेविषयीचा दांडेकर-सुखात्मे वाद यांचा एकत्रित विचार केला आहे. शरीराचा बहुतांश ऊर्जाव्यय केवळ जिवंत राहण्यावर होतो आणि व्यायामाचा वाटा मर्यादित असतो. या एकाच वस्तुस्थितीकडे दोन वेगळ्या काळांत दोन विरुद्ध कारणांनी दुर्लक्ष झाले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रस्तावना

अकोल्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले बाळापूर इतिहासाच्या अभ्यासकांना तीन कारणांनी परिचित आहे. १७२० मध्ये निजाम-उल-मुल्क आणि आलमअलीखान यांच्यात येथे झालेली लढाई, मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पूर्णत्वास नेलेला किल्ला, ही ती तीन कारणे होत. किल्ल्याच्या उंच तटबंदीतील विटांचे काम पाहून आजही अभ्यासक थक्क होतो. त्या विटा ज्यांनी डोक्यावरून वाहिल्या, त्यांनी दिवसाकाठी किती खाल्ले आणि किती शक्ती वेचली, हा प्रश्न मात्र इतिहासलेखनात क्वचितच विचारला गेला आहे.

याच तालुक्यात आज या प्रश्नाची आठवण करून देणाऱ्या दोन गोष्टी दिसतात. पहिली गोष्ट म्हणजे शेगावच्या श्री गजानन महाराजांची पायी पालखी. १९६८ पासून ही पालखी पंढरपूरला जाते आणि वाटेत पारस, गायगाव या तालुक्यातील गावांतून पुढे सरकते. वारकरी दररोज सरासरी २० किलोमीटरच्या आसपास चालतात. दुसरी गोष्ट म्हणजे पारस येथील औष्णिक विद्युत केंद्र. प्रत्येकी २५० मेगावॅटच्या दोन संचांमध्ये कोळसा जाळून तेथे वीज निर्माण केली जाते. कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते, उरलेली वाया जाते. मानवी शरीर हेही एका अर्थाने असेच उष्णतेवर चालणारे केंद्र आहे. अन्नातील ऊर्जेचे स्नायूंच्या कामात रूपांतर करताना त्याची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के भरते. परंतु या दोन केंद्रांत एक मूलभूत भेद आहे. पारसचा संच दुरुस्तीसाठी बंद ठेवता येतो, शरीराचा संच बंद ठेवता येत नाही. सदर निबंधातील पुढील सर्व विवेचन या भेदाभोवती फिरते.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : मानवी श्रमाच्या मोजमापाचा इतिहास थोडक्यात मांडणे; वऱ्हाड आणि महाराष्ट्राच्या इतिहासातील श्रम व आहार यांच्या संबंधाचे परीक्षण करणे; आणि व्यायामातून होणाऱ्या ऊर्जाव्ययाची वास्तव मर्यादा स्पष्ट करणे. येथे 'उष्मांक' ही संज्ञा किलोकॅलरी या अर्थाने वापरली आहे. एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एका अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक उष्मांक होय. निबंधातील ठोकताळे, वेगळा उल्लेख नसल्यास, ६० किलो वजनाच्या प्रौढ व्यक्तीसाठी काढलेले आहेत.

१. मोजमापाचा आरंभ : प्रयोगशाळा आणि तुरुंग

शरीर म्हणजे मंद ज्वलन, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रयोगाने सिद्ध केली. त्यांचे सहकारी सेगँ यांनी स्वतःचे शरीर या प्रयोगांसाठी दिले. श्रम करताना माणूस अधिक प्राणवायू वापरतो, हे त्यातून दिसून आले. येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. या शोधाबरोबरच लाव्हाझिये यांनी एक सामाजिक प्रश्नही मांडला. श्रम करून जगणाऱ्या गरिबाला अधिक अन्न लागते, श्रम न करणाऱ्या श्रीमंताला कमी लागते, मग अन्नाची वाटणी याच्या उलट का, असा त्या प्रश्नाचा आशय होता. तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, म्हणजे १७८९ मध्ये, विचारला गेला. ऊर्जेचे शास्त्र जन्मापासूनच न्यायाच्या प्रश्नाशी जोडलेले होते, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

या शास्त्राचा पुढचा टप्पा तुरुंगात घडला. आजच्या व्यायामशाळांत जे धावपट्टीचे यंत्र दिसते, त्याचे पूर्वज ब्रिटिश तुरुंगांतील पायचक्की होय. विल्यम क्युबिट यांनी १८१८ मध्ये तिची रचना केली. कैद्यांनी एका मोठ्या चाकाच्या पायऱ्या तासन्‌तास चढत राहावयाच्या, हीच शिक्षा. १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. एडवर्ड स्मिथ यांनी लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात या चक्कीवरील श्रमाचा आणि श्वासोच्छ्वासाचा अभ्यास केला. त्यासाठी ते स्वतःही चाकावर चढले. पायचक्कीवरील श्रमात उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड विश्रांतीच्या कित्येक पट वाढतो, असे त्यांना आढळले. ब्रिटनमध्ये १८९८ च्या कायद्यानंतर ही शिक्षा मागे पडली. एके काळी सक्तीने चढावयाच्या यंत्रावर आज माणसे शुल्क भरून चढतात, ही इतिहासातील एक विलक्षण उलटापालट म्हणावी लागेल.

१८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनुस या दोन शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील फाउलहोर्न पर्वत चढून जाऊन, स्नायूंच्या कामाचे इंधन प्रामुख्याने प्रथिने नसतात, हे दाखवून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील मिडलटाउन येथे ॲटवॉटर यांनी माणूस काही दिवस आत राहू शकेल अशी उष्णतामापक खोली उभारली. आत बसवलेल्या सायकलसारख्या यंत्रावर श्रम करणाऱ्या व्यक्तीची उष्णता तेथे मोजली गेली. प्रथिने व पिष्ट पदार्थ यांच्या एका ग्रॅममागे ४ उष्मांक आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे ९ उष्मांक, हे आज शालेय पुस्तकांत असलेले आकडे त्यांच्याच कार्यातून आले आहेत.

२. एक पौंड धान्य : दुष्काळी कामे आणि वेतन

ॲटवॉटर यांची खोली उभी राहण्यापूर्वीच भारतात हा प्रयोग लाखो माणसांवर होऊन गेला होता. तो प्रयोग म्हणून केला गेला नव्हता, एवढाच फरक. १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्याच्या पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवण्यात आले. हे टेंपल वऱ्हाड-नागपूरच्या अभ्यासकांना परके नाहीत. १८६० च्या दशकात ते नागपूर येथे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त होते. दुष्काळी कामावरील मजुराला दररोज एक पौंड धान्य आणि वर अल्प रोख रक्कम पुरेशी आहे, असे मत त्यांनी १८७७ च्या आरंभी मांडले. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यास कडाडून विरोध केला. तुरुंगातील कैद्यालाही यापेक्षा अधिक अन्न दिले जाते, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. मुंबई इलाख्यातही हे घटवलेले वेतन लागू होताच दख्खनमधील हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. त्यांच्या बाजूने पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदने केली.

त्या वादात उष्मांकाचा हिशेब कोणालाच करता आला नाही, कारण आहारशास्त्रात तो अद्याप रूढ झालेला नव्हता. आज तो करता येतो. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. ज्वारीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० उष्मांक असतात. म्हणजे टेंपल यांचे धान्य सुमारे १,५८५ उष्मांकांचे होते. ५० किलो वजनाच्या पुरुषाला काहीही काम न करता, केवळ हृदय, मेंदू, यकृत व श्वास चालू ठेवण्यासाठी दिवसाला सुमारे १,३५० ते १,४०० उष्मांक लागतात. शिल्लक उरतात सुमारे २०० उष्मांक. कुदळीने खोदकाम करताना अशा पुरुषाला तासाला सुमारे ३०० उष्मांक अधिकचे लागतात. याचा अर्थ, एक पौंड धान्यात पाऊण तासाचे खोदकामही बसत नाही. प्रत्यक्षात त्याच्याकडून दिवसभराच्या कामाची अपेक्षा होती.

या आकड्याला एक अनपेक्षित पुरावा पुढे मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग केला. त्यांचा सरासरी आहार दिवसाला सुमारे १,५७० उष्मांकांचा होता आणि त्यांना आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालावे लागे. टेंपल यांच्या धान्याशी हा आकडा जवळजवळ जुळतो. स्वयंसेवकांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. ते निरुत्साही झाले, शक्य तेथे हालचाल टाळू लागले आणि त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विचार राहिला नाही. त्यांना दगड फोडावे लागत नव्हते, आणि प्रयोगाच्या अखेरीस पोटभर अन्न मिळण्याची खात्री होती.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या आणि वेतन धान्याच्या भावाशी व कामाच्या मापाशी जोडले गेले. काम कमी भरल्यास वेतन कापण्याची तरतूदही त्यांत होती. १८५३ पासून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आलेल्या वऱ्हाडात या व्यवस्थेची कठोर परीक्षा १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांत झाली. कापसाचा संपन्न मुलूख म्हणून गणल्या गेलेल्या वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मधील सुमारे २९ लाखांवरून १९०१ मध्ये सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. या घटीमागे उपासमारीइतकाच पटकीसारख्या रोगांचाही हात होता. पण अर्धपोटी शरीरावर रोग लवकर मात करतो, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक निष्कर्ष काढता येतो. अन्न कमी पडले की शरीर आपल्या हालचाली आपोआप मंद करते. कीज यांच्या स्वयंसेवकांत हे स्पष्ट दिसले. दुष्काळी कामावरच्या मजुराचा हात मंदावला की मापात खड्डा कमी भरे, आणि कमी भरलेला खड्डा म्हणजे कापलेले वेतन. कापलेल्या वेतनाने दुसऱ्या दिवशी हात आणखी मंदावणार, हे उघड होते. मुकादमाच्या वहीत जो कामचुकारपणा म्हणून नोंदला जात असेल, तो अनेकदा शरीराने स्वतःला वाचवण्यासाठी केलेला काटकसरीचा प्रयत्न होता. व्यवस्थेने शरीराच्या या हिशेबाला अपराध मानले.

३. आखाडा आणि खुराक : वऱ्हाडातील व्यायामचळवळ

त्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या असतानाच, १९१४ मध्ये, अमरावती येथे वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. पारतंत्र्यात खचलेल्या समाजाला शारीरिकदृष्ट्या सक्षम करावे, ही त्यामागील प्रेरणा होती. मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच सुमारास बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांच्या संपादनाखाली व्यायामज्ञानकोशाचे खंड प्रसिद्ध होऊ लागले होते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत होते, आणि १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर पारखत होते. मराठी मुलखात व्यायामाचा विचार तेव्हा किती गंभीरपणे होत होता, याची कल्पना यावरून यावी.

या परंपरेची एक बाब आजच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. आखाड्यात व्यायामाचा उद्देश शरीरातील काही जाळणे हा नव्हता. जोर, बैठका, मल्लखांब, जोडी, कुस्ती यांतून बळ, दम आणि चपळाई कमवावयाची होती. म्हणून मेहनतीबरोबरच खुराक आणि आराम यांना तेवढेच महत्त्व दिले जाई. दूध, तूप, बदाम हे पहिलवानाच्या खुराकाचे घटक होते. उस्तादाला उष्मांक मोजता येत नसतील. पण मेहनतीपेक्षा खुराक जड असतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. आखाडा सुटला आणि खुराक तसाच राहिला की पहिलवानाचे पोट सुटते, हे गावागावांत पाहिलेले दृश्य आहे.

बैठकांचाच हिशेब करून पाहता येईल. ६० किलोच्या व्यक्तीने एक बैठक मारताना सुमारे ५० किलो भार सुमारे ४० सेंटिमीटर उचलला जातो. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली आणि खाली बसतानाचा व्यय मिळवला, तर एका बैठकेस साधारण पाव उष्मांक लागतो. म्हणजे हजार बैठकांस २५० ते ३०० उष्मांक. हे सुमारे ८० ग्रॅम ज्वारीच्या पिठाएवढे, म्हणजे एका जाड भाकरीएवढे होतात. हजार बैठका मारणारा तरुण आज दुर्मीळ आहे. एक जाड भाकर मात्र सहज खाल्ली जाते.

४. वास्तव आकडे

अकोला जिल्ह्यातील नरनाळ्यासारखा डोंगरी किल्ला चढताना ५०० मीटरची चढण गृहीत धरली, तर ६० किलोच्या व्यक्तीस ती उंची गाठण्यासाठी सुमारे २८० उष्मांक लागतात. पुन्हा एकच भाकर. पालखीबरोबर २० किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याला चालण्यासाठी म्हणून सुमारे ६५० ते ७०० उष्मांक अधिकचे लागतात, म्हणजे जवळपास २०० ग्रॅम ज्वारी. दिवसभराच्या चालीचा हा हिशेब पुष्कळांना अविश्वसनीय वाटेल. दुसरीकडे, तळणीच्या पदार्थातून पोटात गेलेले १० ग्रॅम तेल ९० उष्मांकांचे असते आणि ते खर्च करण्यास पावणेतीन किलोमीटर चालावे लागते.

तक्ता क्र. १ : ६० किलो वजनाच्या व्यक्तीचा एका तासाचा अंदाजे ऊर्जाव्यय (पहिला आकडा एकूण व्यय, दुसरा आकडा विश्रांतीचा व्यय वजा करून)

सौम्य योगासने : १५०, ९०
ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणे : २१०, १५०
कुस्तीचा सराव : ३६०, ३००
ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने सायकल चालवणे : ४१०, ३५०
कुदळ-फावड्याने खोदकाम : ३०० ते ४७०, २४० ते ४१०
ताशी ८ किलोमीटर वेगाने धावणे : ५००, ४४०

सूर्यनमस्कारांचा व्यय वेगानुसार बदलतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तो मिनिटाला ४ उष्मांकांच्या आसपास आढळला. २०११ मधील दुसऱ्या अभ्यासात जलद आवर्तनांसाठी, ६० किलोच्या व्यक्तीमागे, अर्ध्या तासास २३० उष्मांकांचा अंदाज देण्यात आला. दोन्ही आकडे खरे मानण्यास हरकत नाही, कारण मोजलेला व्यायाम नावाने एक असला तरी गतीने एक नव्हता.

वरची सीमा विद्युत केंद्राच्या परिभाषेत सांगता येते. साधारण प्रकृतीची व्यक्ती सायकलवर तासभर सुमारे १०० वॅट शक्ती देऊ शकते. त्यासाठी तिला सुमारे ३६० उष्मांक लागतात. तासाला हजार उष्मांक खर्च करावयाचे तर सुमारे २८० वॅट शक्ती तासभर टिकवावी लागते, आणि ते कसलेल्या खेळाडूचेच काम आहे. म्हणून व्यायामशाळेच्या जाहिरातीत तासाला हजार उष्मांकांचे आश्वासन दिसले, तर ते सामान्य माणसासाठी नाही, असे निःसंकोच समजावे. यंत्राच्या पडद्यावरील आकड्यात बहुधा विश्रांतीचा व्ययही मिळवलेला असतो. २०१७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावर बांधण्याची सात उपकरणे तपासली. ऊर्जाव्यय मोजण्यात त्यांतील सर्वांत बऱ्या उपकरणाची चूक सरासरी २७ टक्के आणि सर्वांत वाईट उपकरणाची ९३ टक्के आढळली.

दीर्घकाळाची सीमा याहूनही कडक आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका खंड पायी धावून ओलांडणाऱ्या स्पर्धकांचा ऊर्जाव्यय तपासण्यात आला. आठवडेच्या आठवडे टिकणारा व्यय विश्रांतीच्या व्ययाच्या सुमारे अडीच पटीजवळ येऊन स्थिरावतो, असे त्यातून दिसले. त्यापलीकडे पचनसंस्था पुरेशी ऊर्जा पुरवू शकत नाही, असे त्या संशोधकांचे मत आहे. १,५०० उष्मांक विश्रांतीव्यय असणाऱ्या पुरुषासाठी ही सीमा दिवसाला सुमारे ३,७५० उष्मांकांची होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ६५ किलो वजनाच्या, जड श्रम करणाऱ्या पुरुषासाठी ३,४७० उष्मांकांची गरज नोंदवली आहे. म्हणजे जड श्रम करणारा मजूर मानवी सहनशक्तीच्या सीमेपासून फारसा दूर नसतो. जगप्रसिद्ध धावपटू जेथे काही आठवडे पोहोचतो, त्याच्या आसपास तो हंगामभर राबतो.

५. शरीर जुळवून घेते का? दांडेकर-सुखात्मे वाद

स्वातंत्र्योत्तर काळात हा हिशेब दारिद्र्याच्या मोजमापात आला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिवसाला दरडोई २,२५० उष्मांक पुरवणारा आहार ही दारिद्र्य मोजण्याची किमान कसोटी मानली. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यदलाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांकांचे प्रमाण स्वीकारले. सातारा जिल्ह्यात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी अशा स्थिर रेषेवर आक्षेप घेतला. एकाच व्यक्तीची ऊर्जेची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर विशिष्ट मर्यादेत स्वतःचे नियमन करते, म्हणून सरासरीखालील प्रत्येकास कुपोषित म्हणणे चुकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकर यांनी या भूमिकेचा प्रतिवाद केला. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनीही, शरीर जुळवून घेते ते खुंटलेली उंची आणि घटलेली कार्यशक्ती यांची किंमत देऊनच, याकडे लक्ष वेधले.

अलीकडील संशोधनाने या वादाला नवा संदर्भ दिला आहे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर व त्यांचे सहकारी यांनी २०१२ मध्ये टांझानियातील हाड्झा या शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या जमातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर चालणाऱ्या या लोकांचा एकूण ऊर्जाव्यय, शरीराच्या आकाराचा विचार करता, शहरी पाश्चात्त्यांच्या व्ययाहून वेगळा आढळला नाही. श्रम वाढले की शरीर अन्यत्र काटकसर करते, अशी मीमांसा त्यांनी मांडली. ही काटकसर किती, यावर तज्ज्ञांत अद्याप मतभेद आहेत. परंतु व्यायामात खर्च झालेला प्रत्येक उष्मांक दिवसाच्या एकूण खर्चात जसाच्या तसा मिळवता येत नाही, हे आता बरेचसे मान्य झाले आहे.

या टप्प्यावर सुखात्मे आणि त्यांचे टीकाकार या दोघांचेही म्हणणे अंशतः सिद्ध होते, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते. शरीर जुळवून घेते, हे सुखात्मे यांचे म्हणणे खरे आहे. पण पोट भरलेला माणूस जुळवून घेतो तेव्हा त्याचे वजन अपेक्षेइतके घटत नाही, एवढेच होते. उपाशी माणूस जुळवून घेतो तेव्हा त्याची वाढ, प्रतिकारशक्ती आणि हातातील काम घटते. जुळवून घेण्याची क्षमता एकच असली, तरी तिची किंमत दोघांना सारखी पडत नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, सामान्य प्रकृतीच्या माणसास एका तासाच्या व्यायामात विश्रांतीपेक्षा १०० ते ४५० उष्मांक अधिक खर्च करता येतात. त्याहून मोठ्या आकड्यांमागे दीर्घ तयारी, अधिक वजन किंवा मोजमापातील चूक असते.

दुसरा, आठवड्याला १५० मिनिटे जलद चालण्याने सुमारे ५०० उष्मांक अधिक खर्च होतात. शरीरातील एक किलो चरबी सुमारे ७,७०० उष्मांकांची असते. केवळ चालून ती घटवण्यास, आहार तसाच राहिला आणि शरीराने कोठेही काटकसर केली नाही असे मानले, तरी १५ आठवडे लागतील. व्यायामाचे खरे मूल्य हृदय, स्नायू, रक्तातील साखरेचे नियंत्रण आणि मनाचे स्वास्थ्य यांत आहे. वऱ्हाडातील आखाड्यांनी व्यायामाकडे बळ कमावण्याचे साधन म्हणून पाहिले, ती दृष्टी शास्त्राला अधिक जवळची होती. महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षणाने विद्यार्थ्यांपुढे जळलेल्या उष्मांकांचे आमिष ठेवण्याऐवजी हीच दृष्टी ठेवणे उचित ठरेल. आकड्याच्या आशेने आलेला विद्यार्थी महिनाभरात आकडा न हलल्याने निराश होऊन मैदान सोडतो, आणि त्यात त्याची कोणतीही चूक नसते.

तिसरा आणि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष असा की, १८७७ च्या अधिकाऱ्याने आणि आजच्या जाहिरातदाराने एकच चूक केली आहे. शरीर बंद ठेवता येत नाही, त्याच्या खर्चाचा मोठा हिस्सा नुसते जगण्यातच जातो, हे दोघेही विसरले. अधिकाऱ्याने जगण्यापुरते धान्य देऊन वर श्रमाची अपेक्षा केली. जाहिरातदार थोड्या श्रमाने मोठ्या खर्चाची आशा दाखवतो. दुसऱ्या चुकीत पैसे आणि उमेद वाया जातात. पहिल्या चुकीत माणसे गेली.

बाळापूरच्या तटबंदीवर चढताना विद्यार्थ्यांना सन आणि सनावळ्या सांगितल्या जातात, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. त्याबरोबर एक वीट हातात दिल्यासारखी त्यांना ही आकडेमोडही द्यावी, असे सुचवावेसे वाटते. इतकी उंची, इतका भार, इतक्या फेऱ्या, आणि त्यासाठी लागलेल्या इतक्या भाकरी. नवाबाचे नाव इतिहासात आहे. भाकरी खाणाऱ्यांची नावे नाहीत, पण त्यांच्या श्रमाचा हिशेब अजूनही करता येतो.